पंचवीस हजारांत काय घ्यावं: नवा मिडरेंज की वापरलेला गॅलॅक्सी एस२३?

नवा फोन घेताना मॉडेल निवडलं की काम झालं, कारण डब्यातला प्रत्येक नग सारखाच. वापरलेल्या फोनात मॉडेल चांगलं असून भागत नाही, समोरचा तो एक नग चांगला हवा. निम्मा निर्णय इथेच होतो.

कॅमेऱ्यात तुलना एकतर्फी आहे. एस२३ मध्ये ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा ओआयएससह (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय), १२ चा अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा) आणि ३ पट ऑप्टिकल झूमचा १० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. मिडरेंजमध्ये, म्हणजे मधल्या किमतीच्या फोनांत, मुख्य कॅमेरा बरा असतो, बाजूला ८ चा अल्ट्रावाइड किंवा निव्वळ संख्या वाढवायला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंचा). दिवसा फरक फारसा जाणवत नाही. हॉलच्या पिवळ्या दिव्यात, स्टेजवर नाचणारी मुलं टिपताना लगेच कळतो. ओआयएस नसेल तर रात्रीचे फोटो हात हलल्याने पुसट येतात, म्हणून नवा घेतलात तरी एवढी गोष्ट सोडू नका.

वेगातही एस२३ पुढे आहे. त्याचा स्नॅपड्रॅगन ८ जेन २ प्रोसेसर आजही पुरून उरतो. मात्र १२८ जीबीच्या नगात स्टोरेज यूएफएस ३.१ आणि २५६ च्या नगात यूएफएस ४.० आहे (आकडा मोठा तितकं स्टोरेज वेगवान), मेमरी कार्डाची सोय दोन्हीत नाही. थोडे जास्त देऊन २५६ चाच घ्यावा. मिडरेंजमध्ये बऱ्याचदा यूएफएस २.२ असतं, त्यामुळे ॲप अपडेट होताना फोन अडखळतो. आणि '८+८ जीबी रॅम' असं लिहिलेलं दिसलं तर दुसरे ८ हे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले असतात. ते नाहीत असंच धरा.

बॅटरीत पारडं फिरतं. एस२३ ची मुळात ३९०० एमएएच, त्यातून वापराने घटलेली. चार्जिंग २५ वॅटवर अडलेलं. नव्यात ५००० च्या पुढे, वर ४५ ते ८० वॅट. दिवसभर मॅप लावून दुचाकीवर फिरणाऱ्याने किंवा लोकलमध्ये रोज दोन तास व्हिडिओ पाहणाऱ्याने जुन्याच्या नादी लागू नये. बॅटरी बदलता येते, पण तो खर्च आधीच किमतीत धरा. शिवाय मागची काच एकदा उघडली की कडेचा चिकट थर तुटतो. तो नीट नव्याने बसवला नसेल तर आयपी६८ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानांकन फक्त कागदावर उरतं, मग पावसात फोन पिशवीतच ठेवा.

अपडेटचा हिशेब महिन्यांत करा. एस२३ फेब्रुवारी २०२३ मधला, सुरक्षा अपडेट पाच वर्षं, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. गॅलॅक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्त फोनाला सहा वर्षांचं आश्वासन आहे, पण ताकद बेताची. पाचव्या वर्षी अपडेट येईल आणि फोन रडत राहील. अनेक मिडरेंज ब्रँड यापेक्षा बरीच कमी वर्षं देतात. नेमकी किती, ते कंपनीच्या पानावर वाचा. काउंटरवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

जुनाच ठरला तर पैसे देण्याआधी एवढं बघा. *#०६# दाबून आलेले आयएमईआय (फोनाचे ओळख क्रमांक) बिलाशी जुळवा. मग इंग्रजीत 'केवायएम', एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर तिथूनच परत फिरा. *#०*# ने चाचणीचा मेनू उघडतो: लाल, हिरवा, निळा पडदा पूर्ण उजेडात पाहा. खाली बटणांची किंवा वर घड्याळाची फिकट सावली दिसली तर डिस्प्ले भाजला आहे. उभी हिरवी रेघ असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण डिस्प्ले बदलायला फोनाच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. विकणाऱ्याला तुमच्यासमोर गूगल आणि सॅमसंग खाती काढून सेटिंग्जमधूनच रीसेट करायला लावा. बटणं दाबून रिकव्हरीतून केलेला रीसेट चालत नाही. फोन पुन्हा जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि तुम्ही अडकता.

नव्यात तपासायचं थोडं आहे. जिओचं सिम असेल तर ५जी बँडांच्या यादीत एन२८ आणि एन७८ दोन्ही हवेत, कारण जिओ ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं आहे आणि इमारतीत आतपर्यंत सिग्नल पोचवण्यात ७०० मेगाहर्ट्झच्या एन२८ चा मोठा हात असतो.

मुलांचे फोटो, लहान हलका फोन आणि दोन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर बिलासकटचा एस२३ घ्या. आईवडिलांसाठी किंवा गावी, जिथे सर्व्हिस सेंटर तालुक्याच्याही पुढे आहे, तिथे वॉरंटीचा नवाच.