पंप ‘गेला’ असे सांगून पिकअपच्या दुरुस्तीत माझे ७८,८५० रुपये लुबाडले

जुन्या पिकअपमध्ये डिझेलचा काही बिघाड झाला की लॅपटॉप लावायचा, ‘पंप गेला, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले’ असे सांगायचे आणि मालकाला घाबरवून मोठी रक्कम काढायची, हा प्रकार बहुतेकांनी ऐकलेला असेल. मीही ऐकलेला होता. तरीही माझ्याकडून ७८,८५० रुपये घेतले गेले आणि गाडीत खरोखर बदलला गेला तो एक फिल्टर. ते दुकान आजही चालू आहे आणि हंगामाच्या तोंडावर आपल्यापैकी कोणीतरी तेथे गाडी उभी करणारच आहे, म्हणून रकमेसह सगळे लिहीत आहे. दुकानाचे आणि शहराचे नाव लिहू नका, असे वकिलांनी बजावले आहे. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी हमरस्त्यालगत ते आहे, एवढेच सांगतो.

गाडी माझी आहे आणि चालवतोही मीच. केज भागातून जाताना कांदा किंवा सोयाबीन, येताना सरकी पेंड नाहीतर ठिबकच्या नळ्या, असा धंदा आहे. गाडी २०१७ सालची, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) आणि कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाने डिझेल भरतो आणि तेथून ते सर्व इंजेक्टरना मिळते. बीएस-४ चे मानक १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले आणि आमच्याकडचे जे जुने फिटर नोझल-पंपाचे इंजिन डोळे झाकून उघडत, तेच ‘ही सेन्सरची गाडी आहे, लॅपटॉपवाल्याकडे न्या’ असे म्हणून हात वर करू लागले. माझ्या गावच्या फिटरनेही तेच सांगितले. त्यामुळे मी शहरातील दुकानात गेलो यात माझे काही चुकले असे मला अजूनही वाटत नाही.

गाडीची तक्रार अगदी स्पष्ट होती. सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नसे, पण फिल्टरवरचा हातपंप पाच-सात वेळा दाबला की झटक्यात सुरू होई. एकदा तापली की दिवसभर सुरू व्हायला काहीही त्रास नसे. टाकी निम्म्याखाली गेलेली असली आणि मागे माल असला, तर बीडहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात ती दम सोडी आणि इंजिनाचा दिवा लागे. टाकी भरलेली असताना मात्र तोच घाट तेवढ्याच मालानिशी ती विनातक्रार चढे. हे सारे मी दुकानात पोहोचताच क्रमाने सांगितले होते, ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो.

आता मला जे कळते ते त्या दुकानदाराला त्याच क्षणी कळले असणार. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणले जाते. या ओढीच्या नळीला कोठे चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, तर डिझेल बाहेर गळतेच असे नाही, उलट हवा आत शिरते आणि खाली पाहिले तर जमीन कोरडीच दिसते. रात्रभरात त्या हवेमुळे नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते, म्हणून सकाळी हातपंप मारावा लागतो. टाकीतली पातळी जितकी खाली, तितका पंपाला ओढण्याचा जोर अधिक लागतो आणि तितकी हवाही अधिक शिरते. इंजेक्टर झिजलेले असतील तर लक्षण बहुधा उलटे असते : इंजिन तापून डिझेल पातळ झाले की ते रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, जास्त निघून जाते आणि गरम गाडी सुरू होताना त्रास देते. तुमची गाडी गार असताना छळत असेल, गरम असताना नसेल आणि तरीही कोणी पहिले बोट इंजेक्टरवर ठेवले, तर चावी परत मागून घ्या.

दुकानात लॅपटॉप लावला गेला. पडद्यावर पी ००८७ हा कोड लाल अक्षरांत आला आणि ‘बघा, पंप प्रेशर बनवत नाही, कॉम्प्युटरच सांगतोय’ असे मला ऐकवण्यात आले. त्या कोडचा अर्थ रेलमधील दाब कमी पडतो एवढाच आहे. तो फिल्टर तुंबल्याने, हवा शिरल्याने, टाकीतली जाळी चोंदल्याने, इंजेक्टरचा रिटर्न वाढल्याने किंवा पंप झिजल्याने, यांपैकी कशानेही कमी पडू शकतो. कारण कोणते ते लॅपटॉप सांगत नाही, ते माणसाने तपासायचे असते. हे वाक्य पाठ करून ठेवा आणि समोरच्याला तोंडावर ऐकवा.

यानंतर जे घडले ते आठवले की आजही डोके तापते. दुकानातील पोरगा गाडीखाली गेला, थोड्या वेळाने बाहेर आला आणि त्याने शीतपेयाची एक पारदर्शक बाटली माझ्यासमोर धरली. तिच्यात खाली चार बोटे गढूळ पाणी आणि वर डिझेल होते. दुकानदार म्हणाला, “मालक, हे बघा तुमच्या फिल्टरमधून निघालेलं. एवढ्या पाण्यावर पंप-इंजेक्टर वाचतील कसे?” मी त्या वेळी वाकून फिल्टर पाहिला होता. पाणी सोडण्याचा स्क्रू फिल्टरच्या बुडाशी असतो आणि माझ्या गाडीच्या त्या स्क्रूवर आदल्या पावसातली काळी माती वाळून घट्ट बसलेली होती. तिला साधा तडाही गेलेला नव्हता, भोवती डिझेलचा ओघळ नव्हता, खालच्या फरशीवर एक थेंब नव्हता. जो स्क्रू फिरलाच नाही त्यातून बाटलीभर पाणी निघाले कोठून? ही माती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पण कानाशी दुकानदार बोलत होता, मोबाईलवर व्यापारी ‘माल कधी भरतोस’ म्हणून विचारत होता, शेजारी तीन गाड्यांचे मालक माना डोलावत उभे होते; अशा गर्दीत वाळलेल्या मातीचा अर्थ लावत बसायला कोणाला सुचते ते मला सांगावे. त्या तिघांपैकी दोघे दुकानाचेच होते, हे पुढे कळले.

त्या बाटलीपायी मी नेहमीच्या पेट्रोल पंपावर जाऊन भांडण केले, तो अपमान वेगळाच. तेथील व्यवस्थापकाने शांतपणे मापाच्या दांड्याला पाणी ओळखण्याची पेस्ट लावली, दांडा भूमिगत टाकीत तळापर्यंत सोडला आणि वर काढून दाखवला. पाणी असते तर पेस्टचा रंग बदलला असता, तो बदललेला नव्हता. आता तेथे डिझेल भरायला जाताना नजर वर करवत नाही.

मला साध्या कागदावर लिहून दिलेला हिशेब असा होता : लॅपटॉप तपासणी १,२०० रुपये, टाकी धुणे १,८०० रुपये, चार नवे इंजेक्टर प्रत्येकी ११,५०० प्रमाणे ४६,००० रुपये, पंप खोलून दुरुस्ती २२,५०० रुपये, फिल्टर १,३५० रुपये आणि मजुरी ६,००० रुपये. एकूण ७८,८५०. त्यातील ४०,००० रुपये आगाऊ मोबाईलवरून घेतले गेले आणि ते ज्या खात्यात गेले त्यावर दुकानाचे नाव नव्हते, मालकाचेही नव्हते. उरलेले ३८,८५० रोख. पक्के बिल मागितले तेव्हा ‘बिल घेतलं तर वरून कर लागेल’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर ऐकून मराठवाड्यातील किती गाडीमालक बिलाचा आग्रह धरतात, ते ज्याचे त्याने मनाशी विचारावे. जुने इंजेक्टर म्हणून एका खोक्यात चार नग हाती दिले, ते टोकाला कोरडे ठणठणीत आणि गंजलेले. नुकताच इंजिनातून काढलेला इंजेक्टर टोकाला काळा आणि ओलसर असतो. खोके हातात घेताना झाकण उघडून हे पाहावे.

गाडी देताना दुकानदाराने खांद्यावर हात ठेवून सांगितले, “मालक, आता टाकी कायम फुल ठेवत जा, नव्या पंपाला हवा लागू देऊ नका.” म्हणजे बिघाड कोठे आहे हे त्याला नेमके ठाऊक होते. भरल्या टाकीवर हवा कमी शिरणार, गाडी काही काळ नीट चालणार आणि मी समाधानाने घरी जाणार, हा त्याचा हिशेब होता आणि तो मलाच ऐकवून त्याने माझ्याकडून नमस्कार घेतला. ‘पंप नवा केला, आता टाकी फुल ठेवा’ असे ज्याला ज्याला सांगितले गेले असेल, त्याने आजच गाडीखाली जाऊन नळ्या पाहाव्यात.

रोजच्या भाड्यातून डिझेल भरणारा माणूस टाकी कायम फुल ठेवू शकत नाही. ती निम्म्यावर आली आणि घाटात तोच दिवा पुन्हा लागला. शेवटी एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून धारूरकडच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गेलो, त्यांना सगळे मामू म्हणतात. मामूंनी लॅपटॉप मागितला नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि गाडी सुरू करायला लावली. नळीतून बुडबुड्यांची माळ धावताना मला उभ्या उभ्या दिसली. मग फिल्टरकडून मागे जात त्यांनी चासीच्या कडेला घासून चिरलेली रबरी नळी बोटाने वाकवून दाखवली. चीर वाकवल्यावरच उघडत होती. नळी १४० रुपये, दोन क्लिपा ४० रुपये, तांब्याचे वॉशर ३० रुपये आणि मजुरी ३०० रुपये, असे ५१० रुपये झाले. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या त्यांनी चार सारख्या बाटल्यांत सोडून पाहिल्या, चारही बाटल्या जवळपास सारख्याच भरल्या, म्हणजे एकही इंजेक्टर इतरांपेक्षा जास्त डिझेल परत सोडत नव्हता. ही चाचणी करायला फार वेळ लागत नाही. ती केल्याशिवाय इंजेक्टर बदलू देऊ नका. चालू इंजिनावर रेलच्या नळीचा नट सैल करून ‘मिसिंग बघतो’ (कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहतो) म्हणणाऱ्यालाही तेथेच थांबवा. जुन्या नोझल-पंपाच्या गाडीत ते चालून जाई; कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

मामूंनीच आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे फसवणूक शाबीत करता येईल. माझ्या गाडीतल्यासारख्या इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा एक कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड गाडीच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. दुसऱ्या गावात एका स्कॅनरवाल्याला ५०० रुपये देऊन ईसीयूमधले चारही कोड वाचून घेतले आणि इंजेक्टर पुसून त्यांच्यावरचे कोड ताडले. ते अक्षरागणिक जुळले, आणि गाडीच्या ईसीयूत कोणी काही भरल्याची खूण नव्हती. याचा अर्थ कंपनीतून आलेले माझे मूळ इंजेक्टर जागेवरच होते, केवळ वरून चांदीसारखा रंग मारलेला होता. खोक्यातले गंजके नग कोणाच्या तरी दुसऱ्याच गाडीचे निघाले. पंपाच्या बोल्टवर पाना लागल्याची खूणही नव्हती. गाडी दुकानात लावण्यापूर्वी इंजेक्टरवरच्या कोडचे फोटो काढून ठेवा.

दुकानदाराने हे सगळे ऐकून घेतले आणि ‘तुम्ही बाहेर गाडी उघडली, आता वॉरंटी संपली’ असे सांगितले. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. अपेक्षा होती ती कार्यालयांकडून. पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा प्रश्न निघाला, मग ‘पक्के बिल दाखवा’ झाले आणि शेवटी ‘हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा लावा’ असे सांगून अर्जावर शिक्का मारून दिला गेला. न बसवलेल्या सुट्या भागांचे पैसे घेणे हा व्यवहाराचा वाद कसा होतो? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, असे मी म्हणालो तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का’ असे विचारण्यात आले. खोक्यातले चार इंजेक्टर टेबलावर ठेवले, तर ‘टेबल खराब होईल, खाली ठेवा’ असे उत्तर मिळाले. चोराने खिशातून पाचशेची नोट काढली तर गुन्हा नोंदवला जातो आणि दुकानात बसवून ७८,८५० काढले तर तो व्यवहार ठरतो. परिवहन कार्यालयाने ‘गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून खिडकीवरूनच परत पाठवले. ग्राहकांच्या तक्रारी जेथे घेतल्या जातात तेथील बाबूने गाडीचा पिवळ्या पट्टीचा नंबर पाहून ‘ही व्यावसायिक गाडी आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असे सांगितले आणि वर ‘दुकान ज्या जिल्ह्यात आहे तेथे जा’ असेही सांगितले.

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला माहीत नसेल तर तो तेथे कशाला बसला आहे, आणि माहीत असून सांगत नसेल तर कोणासाठी, असा प्रश्न मी त्याला विचारला. त्याने पंखा वाढवला. बिल नसले तरी मोबाईलवरून दिलेल्या पैशांची नोंद, हिशेबाचा कागद, मामूंचे आणि स्कॅनरवाल्याचे लेखी म्हणणे, इंजेक्टरचे फोटो हे सर्व पुरावेच आहेत. रोख दिलेल्या रकमेचीही हिशेबाच्या कागदाच्या पाठीमागे सही घ्या. माझे ३८,८५० सिद्ध करताना आता वकिलांच्या कपाळाला आठ्या पडत आहेत.

वकिलांनी ३,००० रुपये घेऊन दुकानदाराला नोटीस पाठवली. ती ‘घेण्यास नकार’ या शेऱ्यासह परत आली. पाकीट फोडायचे नाही, तसेच बंद ठेवून तक्रारीसोबत जोडायचे, असे त्यांनी सांगितले आहे आणि ते आता गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलेले आहे.