व्हेरिएबल स्पीड पंप आणि ६०० मिमी सँड फिल्टर: संच चांगला, पण आधी पाइप मोजा

एक एचपीचा व्हेरिएबल स्पीड पंप, ६०० मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर, म्हणजे पाणी गाळणारी वाळूची टाकी, आणि तिच्या डोक्यावर पाण्याची वाट बदलणारा सहा पोझिशनचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. घरगुती पूलसाठी ही जोडी आता तयार मिळते. जुना एकाच वेगाचा पंप आणि चिरलेली टाकी काढून त्या जागी हा संच बसवणं फायद्याचं आहे, पण जमिनीतला सक्शन पाइप, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी ओढणारा, ६३ मिमीचा असेल तरच. पाइप ५० चा असेल तर यापेक्षा एक नंबर लहान संच घ्या. कारण पुढच्या हिशेबात आहे.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूलमध्ये साधारण ४५ हजार लिटर पाणी असतं. ते सहा तासांत एकदा फिरवायला तासाला साडेसात घनमीटर पुरतात. ६०० च्या टाकीत वाळूचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरतं, म्हणजे दर चौरस मीटरमागे तासाला सुमारे २७ घनमीटर. वाळूला हा वेग मानवतो, गाळ वरच्या थरातच अडकतो. हाच आकडा ५० च्या पुढे गेला की बारीक गाळ वाळूतून निसटून परत पूलमध्ये येतो.

बॅकवॉशला, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुताना, मात्र हिशेब उलटा होतो. वाळू सैल होऊन वर उचलली जायची तर दर चौरस मीटरमागे ४० ते ५० घनमीटर लागतात, म्हणजे या टाकीला तासाला ११ ते १४. अर्ध्या एचपीचा पंप इथे हात टेकतो. व्हॉल्व्हवरच्या तपासणीच्या काचेतलं पाणी थोड्या वेळात स्वच्छ दिसू लागतं, आत वाळूची ढेकळं तशीच असतात. मोठी टाकी आणि छोटा पंप ही म्हणून फसवी काटकसर. पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या, तो शून्य हेडचा, म्हणजे पाणी ढकलताना काहीच अडथळा नसतानाचा असतो. माहितीपत्रकातल्या आलेखावर ८ ते १० मीटर हेडला किती पाणी येतं तेवढंच बघा.

आता पाइप. ५० मिमी पाइपची आतली मोकळी जागा साधारण ४५ मिमी असते. त्यातून तासाला १४ घनमीटर खेचायचे तर पाणी सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर धावतं. सक्शनला दीडच्या वर जाऊ नये. गेलं की पंप उपाशी राहतो, आत खडे टाकल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, कुरतडला जातो. ६३ च्या पाइपात तेच पाणी दीड मीटरच्या आसपास राहतं. स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी ओढणारं तोंड) आणि तळाचा ड्रेन अशा दोन लाइन पंपापर्यंत वेगळ्या येत असतील तर भार वाटला जातो. ५० ची एकच लाइन असेल तर ५०० ची टाकी आणि पाऊण एचपीचा पंप हेच शहाणपण.

विजेची बचत खरी आहे. वेग अर्धा केला की पाणी अर्धं येतं, पण वीज कागदावर एक अष्टमांश लागते. पूर्ण वेगाला १५ घनमीटर देताना ९०० वॉट घेणारा पंप तीन तास चालला तर २.७ युनिट जातात. अर्ध्या वेगात सहा तास चालवून तेवढंच पाणी फिरतं आणि हिशेबाने पाऊण युनिटही लागत नाही. वेग बदलणारा ड्राइव्ह आणि मोटर यांचा तोटा धरून प्रत्यक्ष आकडा थोडा वर जातो, तरी फरक मोठाच राहतो. आवाजही इतका कमी की पंप चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं.

उणिवाही आहेत. मंद वेगात स्किमरची ओढ कमी पडते, पानं आणि किडे पृष्ठभागावर तरंगत राहतात, म्हणून रोज एक-दोन तास वेग चढवावाच लागतो. सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) किंवा हीटर असेल तर त्याचा फ्लो स्विच ठराविक प्रवाहाखाली यंत्र बंद करतो. पंप चालू, क्लोरीन मात्र शून्य, आणि आठवड्याने पाणी हिरवं. फ्लो स्विच ज्या वेगाला सुटतो तो आधी शोधा आणि सर्वात मंद वेग त्याच्या वर ठेवा.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते सांधे. इंची आणि मेट्रिक पाइप दिसायला सारखे, पण दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी आणि मेट्रिकचा ६३. दीड इंचीचा ४८.३, मेट्रिकचा ५०. ही फट पाइप चिकटवायच्या सोल्यूशनने भरत नाही, प्रेशर आलं की सांधा सुटतो. कॅलिपरने मोजून अ‍ॅडॉप्टर आणा. पंपाच्या तोंडाशी पाइपच्या व्यासाच्या पाचपट, म्हणजे ६३ ला साधारण ३० सेंटिमीटर, सरळ तुकडा ठेवा. तिथेच एल्बो लावला तर पाणी घुसळत आत शिरतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा आट्यांचा सांधा) आणि बॉल व्हॉल्व्ह हवेतच. युनियन हातानेच आवळायची, पान्याने आवळली की ओ-रिंग चेपते. सोल्यूशन लावलेल्या सांध्यांना चोवीस तास द्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हे काम वायरमनचं, त्यात हात घालू नका.

वाळू बांधकामाची किंवा नदीची चालत नाही. चाळलेली सिलिका हवी, दाणा ०.४ ते ०.८ मिमी. या आकाराच्या टाकीला अंदाजे दीडशे किलो लागते, नेमकं वजन टाकीच्या पट्टीवर असतं. वाळू ओतण्याआधी टाकी अर्धी पाण्याने भरा. तळाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या, बारीक फटी असलेल्या नळ्या असतात, त्यांना लॅटरल म्हणतात. पहिली गोणी कोरडी आदळली तर त्यातली एखादी मोडते आणि ते कळतं थेट पूलच्या तळाला वाळूची रेघ दिसल्यावर. मधल्या उभ्या पाइपच्या तोंडाला टेप लावा, तो तिरका होऊ देऊ नका, आणि शेवटी टेप काढायला विसरू नका.

मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह हा या संचातला सर्वात नाजूक भाग. दांडा दाबून फिरवायचा आणि तो फक्त पंप बंद असताना. चालू पंपावर फिरवला की आतला आऱ्यांचा गास्केट उपटतो. मग फिल्टर पोझिशनलाही वेस्टच्या, म्हणजे घाण पाणी बाहेर टाकणाऱ्या, पाइपातून पाणी ठिबकत राहतं आणि पूलची पातळी का उतरते ते समजत नाही.

पहिल्यांदा चालू करताना पंपाची बास्केट पाण्याने भरा, कारण कोरडा फिरला तर मेकॅनिकल सील मिनिटांत जळतो. टाकीवरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि पंप सुरू होताना टाकीवर वाकू नका. आधी बॅकवॉश दोन-तीन मिनिटं, काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग अर्धा ते एक मिनिट रिन्स, म्हणजे सरळ दिशेने पाणी सोडून ते बाहेर टाकणं, आणि मगच फिल्टर. रिन्स चुकवली तर सुटलेला गाळ पूलमध्ये येतो. पूर्ण वेगाच्या एका बॅकवॉशला सहाशे लिटरच्या आसपास पाणी जातं, म्हणून तो तारखेने नाही, प्रेशर गेजने करा. स्वच्छ वाळूवरचं प्रेशर मार्करने टाकीवर लिहून ठेवा आणि काटा त्याच्यापेक्षा अर्धा बार चढला की धुवा. व्हेरिएबल स्पीडला हे वाचन नेहमी एकाच वेगाला घ्यायचं, कारण वेग उतरला की काटाही उतरतो आणि तुंबलेली वाळू स्वच्छ वाटते.

बास्केटच्या पारदर्शक झाकणात बुडबुडे थांबत नसतील तर पंपाला दोष देण्याआधी झाकणाची ओ-रिंग काढा, बोटाने चाचपून वाळूचा कण शोधा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, तिने रबर फुगतं.