तबेल्यातलं रक्त की धावून आलेलं? घोडा घेण्याआधी कुठली तपासणी करायची

गेल्या महिन्यात माझा आत्तेभाऊ गिरगावातल्या आमच्या घरी दोन कागद घेऊन आला. शर्यतीतून निवृत्त झालेले दोन घोडे त्याने हेरून ठेवलेत. त्यांतला एक घ्यायचा, कर्जतकडच्या तबेल्यात ठेवायचा, शनिवार-रविवार रपेट करायची आणि जमलं तर छोट्या उड्या, असा बेत. एकाचा पीसीव्ही ५२, दुसऱ्याचा ३६. पीसीव्ही म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग, ते. "ताई, हा बावन्नवाला घेतो. दुसऱ्याच्या अंगात रक्तच नाही," तो म्हणाला.

परळला जनावरांच्या रक्ताच्या नळ्या हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली. मी आधी एवढंच विचारलं, रक्त काढलं कधी? बावन्नवाल्याचं काढलं होतं तो ट्रकमधून उतरल्या उतरल्या, घामाघूम आणि कान टवकारलेला असताना. छत्तीसवाल्याचं पहाटे, ठाणावर शांत उभा असताना.

मग कसली तुलना? घोड्याच्या रक्ताचं सगळं गणित त्याच्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत अडकलेलं असतं. निवांत असताना अंगातल्या एकूण तांबड्या पेशींपैकी तिसरा हिस्सा, कधी निम्म्याच्या जवळपास, तो पाणथरीत साठवून ठेवतो. धावायची वेळ आली, सुई दिसली, किंवा नुसता अनोळखी आवाज झाला, तरी अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर ती पिशवी आवळली जाते आणि मिनिटाभरात सगळा साठा रक्तात येतो. शर्यतीच्या घोड्याचा स्वस्थ बसलेला पीसीव्ही साधारण ३५ ते ४५. भरधाव सुटला की तो ६० ते ७० वर जातो. माणसाच्या रक्तात ६५ दिसलं तर डॉक्टर धावत येतील. घोड्यात ती रोजची गोष्ट आहे. साठा परत आत जायला तासभर तरी लागतो, कधी दोन तास. म्हणजे बावन्न हा आकडा त्या ट्रकच्या प्रवासाचा होता.

आता प्रश्न असा की पैसे मोजकेच असतील तर कुठलं रक्त तपासायचं, उभ्या घोड्याचं की धावून आलेल्या?

उभ्या घोड्याचं रक्त आजार सांगतं. त्याला रक्तक्षय आहे का, पांढऱ्या पेशी का वाढल्यात, प्रथिनं किती, मूत्रपिंड ठीक आहे का, हे सगळं याच नमुन्यात दिसतं. आपल्याकडे सर्रा आणि पायरोप्लाझ्मोसिस हे रक्तातल्या परजीवींमुळे होणारे आजार घोड्याला आतून पोखरतात. त्यांची एक मोठी खूण म्हणजे खालावलेला पीसीव्ही. अट एकच, नमुना पहाटे, व्यायामाआधी आणि चंदी देण्याआधी घ्यायचा. भरपेट चंदी खाल्ली की अंगातलं पाणी आतड्यात उतरतं आणि तासभर पीसीव्ही व प्रथिनं दोन्ही उगाच चढलेली दिसतात. ओळखीच्या मोतद्दाराने धरलेलं असेल तर उत्तम.

एक गोष्ट मात्र या नमुन्यातही कळत नाही. कुत्रा किंवा माणूस रक्तक्षयातून सावरायला लागला की अर्धवट वाढलेल्या तांबड्या पेशी रक्तात दिसतात. घोडा त्या मज्जेतच ठेवतो, बाहेर सोडत नाही. त्यामुळे पीसीव्ही २८ आला तर घोडा सुधारतोय की घसरतोय, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावं लागतं. आणि त्या मधल्या काळात लोहाचं टॉनिक देऊ नका. चाऱ्यावर पोसलेल्या मोठ्या घोड्याला लोह क्वचितच कमी पडतं, आणि जास्त झालं तर यकृतावर येतं. हे टॉनिक इतकं का खपतं याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही.

धावून आलेल्या घोड्याचं रक्त काय सांगतं, ते घोडा काय धावून आला यावर ठरतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बाराशे मीटर सुसाट आलेला घोडा आणि राजस्थानात दिवसभर ऐंशी किलोमीटर चालून-दुडकून आलेला मारवाडी घोडा, यांची रक्तं जवळजवळ उलट्या दिशेला गेलेली असतात.

सुसाट धावण्यात स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. उभ्या घोड्यात मिनिटाला तीस-चाळीस पडणारे ठोके २२० च्या वर जातात, तरी पुरत नाही. मग लॅक्टेट, म्हणजे प्राणवायूविना साखर जाळली की उरणारा पदार्थ, साठतं. एरवी लिटरमागे एक मिलिमोलच्या खाली असणारं लॅक्टेट शर्यतीनंतर २० ते ३० पर्यंत चढतं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. गंमत म्हणजे हा आकडा घोडा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सर्वांत वर असतो, कारण स्नायूंतून ते रक्तात उतरायला वेळ लागतो. थांबल्याक्षणी रक्त काढून "बघा किती कमी" म्हणणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. नंतर घोडा उभा न ठेवता चालवत नेला तर लॅक्टेट लवकर उतरतं. जुने मोतद्दार घोडा हातात धरून फिरवायचे ते उगाच नाही.

लांब पल्ल्यात गोष्ट वेगळी. लॅक्टेट चारच्या आत राहतं, पण घाम तासाला दहा-पंधरा लिटर जाऊ शकतो, आणि घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा कितीतरी खारट असतो. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड सगळं वाहून जातं. क्लोराइड गेल्यामुळे रक्त आम्लाऐवजी अल्कलीकडे झुकतं. पाणी आणि मीठ बरोबरीनेच गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही, म्हणून घोड्याला तहानच लागत नाही. समोर बादली ठेवली तरी तोंड लावत नाही आणि मालक म्हणतो, "बघा, पाणीसुद्धा नको म्हणतोय, ताजा आहे." कॅल्शियमही खाली गेलं की हृदयाच्या ठोक्याबरोबर बरगड्यांमागची कूस उडायला लागते. तेव्हा घोडा स्पर्धेतून काढायचा असतो. मुंबईच्या ऑक्टोबरात हवेतच इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, नुसता गळतो. म्हणजे मीठही जातं आणि अंगही थंड होत नाही. इथे लांबच्या रपेटीची हौस असेल त्याने हे लक्षात ठेवावं.

मग पीसीव्ही वाढलाय तो पाणथरीमुळे की पाणी कमी झाल्यामुळे, हे ओळखायचं कसं? प्रथिनं बघायची. पाणथरी पेशी सोडते, प्रथिनं नाही. पीसीव्ही ५२ आणि प्रथिनं डेसिलिटरला सहा-साडेसहा ग्रॅम, तर घोडा घाबरलाय. पीसीव्ही ५२ आणि प्रथिनं साडेआठ, तर घोडा वाळलाय. भरधाव धावल्यावर प्रथिनंही थोडी चढतात, पण उभ्या घोड्यापुरता हा ठोकताळा चांगला चालतो. दोन तपासण्यांपैकी एकच परवडत असेल तर मी पीसीव्ही सोडेन आणि प्रथिनं घेईन, असं म्हणणार होते. पण दोन्ही एकाच नळीत होतात.

माथेरानला दस्तुरी नाक्यापासून पर्यटक वाहणाऱ्या घोड्यांना लॅक्टेटचा काहीच उपयोग नाही. ते चालीने चढतात, दिवसभर चढतात, पण त्या कामात लॅक्टेट फारसं हलत नाही. त्यांच्यासाठी उभ्या घोड्याचं रक्त बस. तट्टांचा आणि जड घोड्यांचा पीसीव्ही मुळातच शर्यतीच्या घोड्यापेक्षा कमी, तिशीच्या आसपास असू शकतो. त्यांना थरोब्रेडच्या मापाने मोजून "अशक्त" ठरवू नये.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जोडी: सीके आणि एएसटी. हे दोन्ही स्नायूंतले एन्झाइम. स्नायू दुखावला की रक्तात गळतात. सीके चार ते सहा तासांत शिखर गाठतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं. एएसटी सावकाश, दिवसभराने चढतं आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. विकणाऱ्याला घोडा चार दिवस विश्रांती देऊन सीके लपवता येतं, एएसटी नाही. सीके साधं आणि एएसटी चढलेलं, म्हणजे अलीकडेच काहीतरी घडून गेलंय. (यकृत बिघडलं तरी एएसटी चढतं, तेही बघून घ्यावं.)

घडून काय जातं? घोडा काम सुरू केल्यावर अचानक ताठरतो, पुठ्ठे दगडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. ओढकाम करणाऱ्या घोड्यांत याला सोमवारचा आजार म्हणत: रविवारी सुट्टी, पण चंदी पूर्ण, आणि सोमवारी सकाळी जुंपलं की घोडा गाडीतच बसतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, पण आजार काही त्यांच्याबरोबर गेला नाही. पावसाळ्यात आठवडाभर पाऊस, घोडा तबेल्यात, चंदी तेवढीच, आणि ऊन पडलं की हौशी मालक थेट चौखूर उधळवतो. आत्तेभाऊ नेमका असा मालक होणार आहे, हे मला दिसतंय. ताठरलेल्या घोड्याला चालवून मोकळं करायला जाऊ नका, हेही त्याला सांगून ठेवलंय.

म्हणून त्याच्यासाठी मी सुचवलेली तपासणी अशी: पहाटे एक नमुना, पूर्ण रक्तगणना, प्रथिनं, सीके, एएसटी. मग दोरीवर पंधरा मिनिटं दुडकी चाल. चार ते सहा तासांनी दुसरा नमुना, फक्त सीके. दुपटीपर्यंत वाढलं तर काळजी नाही. तिपटीच्या वर गेलं तर घोडा कितीही देखणा असो, विचार करा. या दुसऱ्या नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी बघूच नका. व्यायामानंतर काही तासांनी कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकामुळे न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), आणि नवखा माणूस संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू करतो.

लॅक्टेट? शर्यतीसाठी किंवा लांब पल्ल्यासाठी घोडा तयार करत असाल तर घ्या, पण तोच घोडा, तोच वेग, तेच अंतर, दर दोन-तीन आठवड्यांनी. त्याच वेगाला आकडा उतरत गेला तर घोडा तयार होतोय. खरेदीच्या दिवशी एकदाच घेतलेला लॅक्टेट म्हणजे खर्च. आणि पीसीव्ही चढत गेला म्हणजे तयारी वाढली, हा समज सोडा. सरावाने तांबड्या पेशी महिनोन्‌महिने वाढतात हे खरं, पण रक्तद्रव पहिल्या पंधरवड्यातच वाढतो, त्यामुळे उभ्या घोड्याचा पीसीव्ही जवळजवळ तिथेच राहतो.

शर्यतीच्या घोड्यांना फुफ्फुसात होणारा रक्तस्राव कुठल्याच रक्ततपासणीत कळत नाही, त्याला नाकातून घालायची दुर्बीण लागते. ग्लँडर्स या जिवाणूंच्या आजाराची तपासणी मात्र व्यायामाशी संबंध नसला तरी टाळू नका. तो माणसालाही होतो.

नळ्यांविषयी थोडं. लॅक्टेटला करड्या झाकणाची नळी, नाहीतर पेशी नळीतसुद्धा लॅक्टेट तयार करत राहतात. घोड्याचं रक्त उभं ठेवलं की बघता बघता पेशी तळाला बसतात, म्हणून तपासण्याआधी नळी हळुवार उलटीपालटी करायची. वरचा पिवळा द्रव बघून कावीळ झाली म्हणून घाबरू नका, घोड्याचा तसाच असतो. आणि नमुना बर्फाच्या डब्यातून न्या. भर दुपारी खिशात घालून लोकलने आणला तर पेशी फुटतात आणि एएसटी फुकटचं चढतं.

आत्तेभावाने दोन्ही घोड्यांचं रक्त पुन्हा काढवलं, या वेळी पहाटे. बावन्नवाला ३८ वर आला, छत्तीसवाला ३७. बावन्नवाल्याचं सीके साधं, पण एएसटी नेहमीच्या तिप्पट, आणि यकृताच्या तपासण्या स्वच्छ. मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाला, "पण ताई, त्याचा रंग बघितलास का तू?"