देवराई राखायला समिती बरी की सामूहिक वनहक्क?

बेळगावच्या खानापूर तालुक्यात आमच्याकडं देवराईतलं वाळकं लाकूड पण कोण घरी नेत नाही, देवाचं असतंय ते, पण आता पोरांना रस्ता पायजे, नेटवर्क पायजे, जंगलातनं चार पैसे पण मिळायला पायजेत. मग वाटा दोन. पहिली ग्राम अरण्य समिती, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल राखायची समिती, ती कर्नाटकात १९९३ पासनं आहे, रोपं, फंड, ऑफिसची कामं सोपी जातात कारण सेक्रेटरी वनखात्याचाच फॉरेस्टर असतो, आणि त्यामुळंच शेवटचा शब्द पण खात्याचाच.

दुसरी वाट २००६ च्या वनहक्क कायद्यातला सामूहिक वनहक्क. ह्यात जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा, हिरडा, मध गोळा करून विकायचा पण. तिकडं गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि २०११ पासनं गाव आपला बांबू स्वतः विकायला लागलं, हे वाचून खरंच हुरूप येतो बघा. अवघड एकच, अनुसूचित जमातीत नसलेल्यांना ७५ वर्षं तिथं राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. तरी मी वनहक्काच्याच बाजूनं, कारण म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर नियमात तेही पुरावा म्हणून चालतं, आणि ती माणसं अजून आहेत आमच्यात.