पंकचे ड्रम्स: कोणाच्या रेकॉर्डवर हात बसवायचा?

पंकमधला, म्हणजे त्या वेगवान, साध्या रॉक संगीतातला, सगळ्यात भारी ड्रमर कोण, यावर रात्रभर वाद घालता येतो आणि सकाळी कोणाचंच मत बदललेलं नसतं. नुकत्याच काड्या हातात घेतलेल्या माणसाला त्या वादाचा उपयोग शून्य. त्याला एवढंच ठरवायचं असतं की पहिले काही महिने कोणाच्या रेकॉर्डसोबत वाजवायचं. सुरुवातीला ज्याची नक्कल कराल त्याच्या सवयी हातात मुरतात, म्हणून ही निवड जरा विचार करून केलेली बरी.

निवडीसाठी एक सोपी युक्ती आहे. पंक बँडांमध्ये ड्रमर सारखे बदलत राहिले, गाणी मात्र तीच राहिली. एकच गाणं दोन ड्रमरांच्या हातून ऐकलं की शब्द, गिटार, गायकाचा आव हे सगळं मागे पडतं आणि ठेक्यातला फरक तेवढा कानावर येतो. खाली शक्य तिथे अशाच जोड्या लावल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी रमोन्स बँडच्या टॉमी रमोनपासून सुरुवात करावी आणि पुढे द क्लॅश बँडच्या टॉपर हेडनकडे जावं. त्या बहुतेकांत तुम्ही बसता का, ते वाचून ठरवा.

टॉमी की मार्की

टॉमी मूळचा बुडापेस्टचा, तामाश एर्देयी. न्यू यॉर्कच्या रेकॉर्ड प्लँट स्टुडिओत त्याने साउंडचं काम केलं होतं आणि रमोन्समध्ये तो आला मॅनेजर म्हणून. आधी ड्रम्सवर जोई होता. तो गायला पुढे आला तेव्हा नव्या ड्रमरची शोधाशोध सुरू झाली. येणारा प्रत्येक जण रोल, म्हणजे झपाट्याच्या फटक्यांची सर, मारून कौशल्य दाखवायचा. 'असं नको, असं' हे दाखवता दाखवता टॉमी स्वतःच स्टुलावर बसला आणि 1978पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे रमोन्सचा ठेका वाजवणाऱ्याच्या हौसेतून आलेला नाही. गाणं बाहेरून ऐकणाऱ्याच्या कानातून तो आला, आणि 'ब्लिट्झक्रीग बॉप'चा मोठा भाग लिहिणाराही टॉमीच.

काय वाजवतो तो? उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या जोडझांजेवर, एका मापात सलग आठ फटके. दोन आणि चारच्या मात्रेला स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम. किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, मुख्यतः एक आणि तीनच्या आजूबाजूला. संपलं. पण 'ब्लिट्झक्रीग बॉप' मिनिटाला साधारण 175 ठोक्यांच्या लयीत आहे, म्हणजे उजव्या हाताला मिनिटाला साडेतीनशे फटके. एक गाणं कोणीही ओढून नेईल. 31 डिसेंबर 1977ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये या लोकांनी तासाच्या आत 28 गाणी वाजवली; 'इट्स अलाइव्ह' हा अल्बम म्हणजे त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग. दोन गाण्यांच्या मधे बेसवाल्या डी डीच्या 'वन-टू-थ्री-फोर'एवढीच उसंत. त्याच्यासोबत वाजवायला बसा. खांद्यातून जोर लावत असाल तर चौथ्या-पाचव्या गाण्याला दंड दगड होतो आणि हाय-हॅट मागे रेंगाळायला लागतो. मनगट सैल सोडून काडी झांजेवरून आपणहून उसळू दिलीत तरच पुढे सरकता येतं. शिकवणीत महिनोन्महिने ऐकलेली ही गोष्ट या अल्बमवर एका बैठकीत पटते.

त्याच्या जागी आलेला मार्की, म्हणजे मार्क बेल, त्याआधी रिचर्ड हेलबरोबर वाजवत होता. हात जड आणि फटका ठाम. 1991मध्ये बार्सिलोनाला रेकॉर्ड झालेल्या 'लोको लाइव्ह'मध्ये तीच जुनी गाणी त्याच्याकडून ऐका: वेग इतका वाढलाय की शब्द एकमेकांवर आदळतात. प्रत्यक्ष मैफिलीत तो दणका अंगावर येत असणार यात शंका नाही, आणि वर्षानुवर्षं तो वेग टिकवणं हे खायचं काम नाही. पण शिकणाऱ्यासाठी हा अल्बम घातक आहे. वेग आधी येतो, समानता राहून जाते, आणि असमान आठ फटके वेगात लपून जातात. मार्की नंतर.

टॉमीला एकच पर्याय मला पटतो तो सेक्स पिस्टल्सचा पॉल कुक, आणि तोही एका विशिष्ट परिस्थितीत. 1977च्या 'नेव्हर माइंड द बोलॉक्स'वर बेसचा बहुतेक भाग गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनेच वाजवला आहे. पाया बांधला तो कुक आणि जोन्स या दोघांनी. तुमच्याकडे गिटार वाजवणारा एक मित्र असेल आणि बेसवाल्याचा पत्ता नसेल, तर हाच अल्बम घ्या. लय रमोन्सपेक्षा संथ, त्यामुळे एकमेकांकडे बघायला वेळ मिळतो.

टेरी चाइम्स की टॉपर हेडन

द क्लॅशचा पहिला अल्बम 1977चा. त्यावर ड्रम्स टेरी चाइम्सचे, पण बँड सोडून निघालेल्या माणसाचा सूड म्हणून श्रेयनामावलीत नाव छापलं 'टोरी क्राइम्स'. त्याच्यानंतर टॉपर आला. आता 'कॅपिटल रेडिओ' हे गाणं दोनदा ऐका: 1977चं चाइम्सचं, आणि 1979च्या 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' या ईपीवरचं, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवरचं, 'कॅपिटल रेडिओ टू', टॉपरचं. चाइम्स सरळ रेषेत धावतो आणि त्याला धावायलाच सांगितलं होतं. टॉपरच्या हातात तेच गाणं उभं राहतं, वळतं आणि शेवटी चक्क नाचायला लागतं.

फरक कुठे आहे हे जवळून ऐकायचं तर 'लंडन कॉलिंग'मधलं 'ट्रेन इन व्हेन' लावा आणि बाकी सगळं सोडून फक्त हाय-हॅटवर कान ठेवा. टॉपर ती किंचित उघडतो आणि पायाने लगेच मिटतो. त्या 'त्स्सप्'मुळे गाणं पुढे कलतं. मधल्या जागांत स्नेअरवर इतके हलके स्पर्श आहेत की स्वस्त इयरफोनवर ते हरवून जातात. तबला शिकलेल्यांना हे लवकर उमगतं: ठेका भरलेला असतो, पण भरलेला आहे हे जाणवू द्यायचं नसतं. 1978च्या अल्बमच्या वेळी निर्माता सँडी पर्लमनने टॉपरला माणसाच्या रूपातलं ड्रम मशीन म्हटलं होतं. अचूकतेसाठी ही दाद योग्यच, पण मशीनला असले स्पर्श जमत नाहीत.

'रॉक द कॅस्बा' तर त्याचंच. संगीत त्याचं, आणि ड्रम्स, पियानो, बेस तिन्ही त्यानेच वाजवलेलं. 1982मध्ये हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला बँडमधून काढलं, गाणं अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं, आणि व्हिडिओत ड्रम्सवर दिसतो तो परत बोलावलेला टेरी चाइम्स. पंकच्या इतिहासात याहून कडवट विनोद मला ठाऊक नाही.

टॉपर कोणासाठी? ज्यांचा उजवा हात आधीच बसलाय आणि ज्यांना रेगे, फंक, रॉकाबिली यांचंही वावडं नाही त्यांच्यासाठी. एक अडचण आहे: त्याचा निम्मा खेळ डाव्या पायात आहे आणि सरावाच्या रबरी पॅडवर डावा पाय शिकता येत नाही. जॅमरूम परवडणार नसेल किंवा घरी सोसायटीचे सेक्रेटरी दाराशी येत असतील, तर टॉपर फक्त ऐकून घ्या, वाजवणं पुढे ढकला.

वेगच हवा असेल तर

मग वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्सचा अर्ल हडसन. 1980चं 'पे टु कम' जेमतेम दीड मिनिटाचं आहे आणि त्यात किक आणि स्नेअर इतक्या झपाट्याने आलटून पालटून पडतात की मोजणी सुटते. पण ही मंडळी पंककडे वळण्याआधी जॅझ-फ्युजन वाजवत होती, आणि 1982च्या त्यांच्या कॅसेटवर अशा स्फोटांच्या मधेच संथ रेगे येतं, ज्यात सगळा भार तिसऱ्या मात्रेवर असतो. अर्ल तिथेही तितकाच निवांत. दोन्ही टोकं जमत नसतील तर त्याची नक्कल म्हणजे नुसता गोंगाट.

ट्रे कूल की ट्रॅव्हिस बार्कर

नव्या मुलांपैकी बरेच जण ट्रॅव्हिसमुळेच ड्रम्सकडे येतात, तेव्हा त्यांना सरळ नाही म्हणण्यात अर्थ नाही. इथेही जोडी तयार आहे. ब्लिंक-182 या बँडच्या 1997च्या 'ड्यूड रँच'वरचं 'डॅमिट' स्कॉट रेनरने वाजवलं. 2000 सालच्या लाइव्ह अल्बमवर तेच ट्रॅव्हिसने. रेनर गाण्याला चौकट देतो. ट्रॅव्हिस त्या चौकटीत मिळेल त्या फटीत काहीतरी खोचतो. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये तयार झालेला हात आहे तो. 1998च्या दौऱ्यात ब्लिंकच्या ड्रमरची जागा रिकामी झाली तेव्हा त्याने तासाभराच्या आत सगळी गाणी बसवून कार्यक्रम केला होता. त्याचं ते भरगच्च वाजवणं खपतं, कारण गिटार आणि बेस साधे ठेवलेत. तुमचा गिटारवालाही जागा भरण्याच्या हौसेचा असेल तर आठवड्यात भांडण ठरलेलं. जमेची बाजू अशी की ट्रॅव्हिसचा पाया, म्हणजे मार्चिंगमधले हाताचे पलटे, रबरी पॅडवर घरबसल्या घोटता येतो. किटशिवाय वर्ष काढायचं असेल तर तो टॉपरपेक्षा सोयीचा.

ग्रीन डेचा ट्रे कूल रेनर आणि ट्रॅव्हिस या दोघांच्या मधला. 'लाँगव्ह्यू'मध्ये तो बेसच्या साथीला टॉमवर, म्हणजे किटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवर, झोके घेत राहतो आणि गिटार येईपर्यंत हात आवरतो. हा संयम ट्रॅव्हिसकडे क्वचित दिसतो. एक गंमत करून बघा: 'वेलकम टु पॅरडाइज' हे गाणं 'करप्लंक'वरही आहे आणि 1994च्या 'डूकी'वरही. ड्रमर तोच, तरी दुसऱ्यात स्नेअर दुप्पट मोठी वाटते. तिथे स्टुडिओचा पैसा बोलतो. आपल्या स्नेअरला तसा आवाज येत नाही म्हणून नवी घ्यायला धावण्याआधी हे दोन्ही ट्रॅक ऐका. मार्च 2025मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ज्यांनी ग्रीन डेला प्रत्यक्ष ऐकलं त्यांना ट्रेबद्दल मी वेगळं काय सांगणार.

आणि शिकवणीच नसेल तर

लंडनच्या द स्लिट्समध्ये स्पेनहून आलेली पालोमा रोमेरो, म्हणजे पामऑलिव्ह, ड्रम्सवर होती. रीतसर शिक्षण काही नाही. सप्टेंबर 1977ला जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी त्यांनी 'शॉपलिफ्टिंग', 'न्यू टाउन' ही गाणी रेकॉर्ड केली. 1979च्या 'कट' या अल्बमवर तीच गाणी आहेत, पण ड्रम्सवर बजी, जो पुढे सूझी अँड द बॅन्शीजमध्ये गेला. बजी सर्व बाजूंनी सरस ड्रमर आहे: नेटका, रेगेत मुरलेला, कुठे थांबायचं ते जाणणारा. अल्बम म्हणूनही 'कट'च वरचढ. पामऑलिव्हची लय ओढली जाते, टॉमवरचे फटके गाण्याला मागून ढकलत नेतात, आणि तरी 'शॉपलिफ्टिंग' लावायचं झालं तर मी रेडिओवालंच लावतो. त्यात पकडले जाण्याची घाई खरी वाटते. 1979च्याच रेनकोट्सच्या पहिल्या अल्बमवरही तीच आहे, व्हायोलिनच्या शेजारी, आणि तिथे ती बरीच सावरलेली आहे. हाताशी एक स्नेअर, दोन टॉम आणि कोणीतरी उधार दिलेली झांज एवढंच असेल, तर पूर्ण हाय-हॅट मिळेपर्यंत टॉमीला बाजूला ठेवून या दोन रेकॉर्डिंगवर कामाला लागा.