इलफर्ड मल्टिग्रेड आरसी: पेपर निगेटिव्हसाठी घ्यावा का?

पेपर निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मऐवजी फोटो छापायचा कागद भरून काढलेलं निगेटिव्ह. त्यासाठी हा आरसी (दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर असलेला) कागद घ्याच, पण ग्लॉसीच (चकचकीत) घ्या. पर्लच्या (कमी चकाकीच्या) पृष्ठभागावर बारीक दाणा असतो आणि पेपर निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट नव्या कागदावर ठेवून काढलेली प्रिंट) काढताना दोन्ही कागद इमल्शनला (प्रकाशाला संवेदनशील थराला) इमल्शन लावून, वरून जाड काच ठेवून घट्ट बसले पाहिजेत, जरा फट राहिली की डिटेल गेलंच. फायबर पेपर (प्लॅस्टिकचा थर नसलेला) मला यासाठी आवडत नाही, त्याचे तंतू प्रिंटमध्ये उमटतात, वाळताना वळतो तो वेगळाच. आरसी सपाट राहतो आणि दोन मिनिटांत धुऊन होतो. टॅलबॉटने १८४१ मध्ये कॅलोटाइपचं (कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचं) पेटंट घेतलं त्या काळी लोक निगेटिव्हला मेण लावून कागद पारदर्शक करायचे, ते आरसीवर करायला जाऊ नका, प्लॅस्टिकच्या थरात मेण मुरतच नाही. आणि ब्रँड कुठलाही असो, मागच्या बाजूला काही छापलेलं नाही ना ते आधी बघा, कारण लाइट त्या कागदातून आरपार जाणार आणि ती अक्षरं सरळ तुमच्या फोटोत येणार!

कागदाचा स्पीड (प्रकाशाची संवेदनशीलता) आयएसओ ३ ते ६ धरा, म्हणजे कडक उन्हातही एफ २२ ला (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) साधारण अर्धा सेकंद, ट्रायपॉड लागतोच.

खरा प्रश्न कॉन्ट्रास्टचा. मल्टिग्रेड निळ्या लाइटला हार्ड (जास्त कॉन्ट्रास्टचा) आणि हिरव्याला सॉफ्ट (कमी कॉन्ट्रास्टचा) वागतो, आणि उन्हात निळा भरपूर, त्यामुळे आकाश पांढरंफटक आणि सावल्या काळ्याठिक्कर. बरेच जण हे प्रिंट काढताना ०० फिल्टर (सगळ्यांत सॉफ्ट) लावून सावरायला बघतात, पण निगेटिव्हमध्ये सावलीचं डिटेल आलंच नसेल तर प्रिंटमध्ये कुठून येणार? लेन्सवरच पिवळा फिल्टर लावा, एक्स्पोजर वाढवा, कागदाला आधी हलकं प्रीफ्लॅश (फोटोआधी किंचित, एकसारखा प्रकाश) द्या, डेव्हलपर थोडा पातळ ठेवा. एवढं केलं की प्रिंटमध्ये जे मधले ग्रे येतात ना, अप्रतिम! लाल मात्र याला दिसत नाही, कोकणातल्या जांभ्याच्या भिंती फार गडद येतात, मला तर त्या तशाच आवडतात.

पेपर निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंटला फिल्म निगेटिव्हपेक्षा बराच जास्त वेळ प्रकाश द्यावा लागतो, टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळांची चाचणीपट्टी) काढाच.

इम्पोर्टेड असल्यामुळे पाकीट स्वस्त नाही, पण ८ बाय १० इंची घेतलं तर एका शीटचे ४ बाय ५ चे चार तुकडे होतात (कॅमेऱ्यात कागद धरणाऱ्या होल्डरसाठी कडा किंचित छाटाव्या लागतात). आणि लाल सेफलाइटखाली (कागदावर परिणाम न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्याखाली) निगेटिव्ह डोळ्यांसमोर उमटताना दिसतं, म्हणून लार्ज फॉरमॅट (४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठ्या निगेटिव्हची फोटोग्राफी) शिकणाऱ्याच्या हातात शीट फिल्मच्या (सुट्या तुकड्यांतल्या फिल्मच्या) आधी मी हाच कागद देईन.