कोथरूडमधला डोळ्यांचा दवाखाना: तपासणी झकास, पार्किंगची बोंब

आईचं एकच, "मला सगळं दिसतंय रे, कशाला उगाच खर्च", पण सुईत दोरा ओवायला माझ्या मुलीला हाका मारायची, म्हणून शेवटी कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतल्या या दवाखान्यात नेलंच. अपॉइंटमेंट साडेदहाची, नंबर लागला पावणेबाराला. पण आत गेल्यावर अजिबात घाई नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढून कटवलं नाही, डोळ्याचं प्रेशर बघितलं (साधारण 10 ते 21 नॉर्मल, आईचं 16 आलं), शुगर आहे म्हटल्यावर थेंब टाकून पडदापण तपासला. काचबिंदूत (बहुधा हे प्रेशर वाढून डोळ्याची नस खराब होते, तो आजार) सुरुवातीला बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टर मॅडमनी तिला तिच्या भाषेत सांगितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात निघाली, ऑपरेशनची गडबड नको म्हणाल्या, वर्षभराने दाखवा.

थेंबांनी काही तास धूसर दिसतं हे फोनवर आधीच सांगायचं ना, बाहेर रणरणत्या उन्हात आई रिक्षात पदर डोळ्यावर धरून बसली. गॉगल न्याच. चष्मा खालच्याच दुकानातून घ्या अशी जबरदस्ती नाही. गाडी लावायला मात्र जागा शून्य, पीएमपीच्या बसने गेलेलं बरं. चार स्टार.